सही करण्याआधी पासबुक उघडा

पत्र

ताई, नमस्कार.

पाच आठवड्यांपूर्वी आमचे हे गेले. रात्री छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय ४३. नाशिकच्या एमआयडीसीत एका खासगी कंपनीत नऊ वर्षं सात महिने नोकरी झाली होती. मूळ पगार १८ हजार, सगळं धरून ३२ हजार. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना दुसरं उत्पन्न नाही. मी घरी ब्लाऊज शिवते.

कंपनीतून फोन आला की हिशेब तयार आहे, सही करून चेक घेऊन जा. दीर म्हणतात, जाऊन ये लवकर. तेच असंही म्हणतात की पीएफला नॉमिनी आई आहे, लग्नाआधी पहिल्या नोकरीत फॉर्म भरला होता, तेव्हा ते पैसे आईचे. पीएफचा शेवटचा मेसेज ४ लाख १० हजारांचा होता. एलआयसीच्या दोन पॉलिसी आहेत, त्यातली एक भरणं तीन वर्षांपूर्वी थांबवलं. कंपनीच्या पतसंस्थेचं दीड लाखाचं कर्ज आहे, जामीनदार रोज फोन करतात. यांच्या खात्यातून दरवर्षी मेच्या शेवटी ४३६ रुपये कापले जायचे, त्यावरून हे दरवेळी चिडायचे. कुठून सुरुवात करू? मला एटीएमसुद्धा नीट येत नाही.

एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई म्हणालात, म्हणून हक्काने सांगते. त्या कागदावर या आठवड्यात सही करू नका. चेक कुठे पळून जात नाही. तुमच्या हक्काच्या रकमा एका चेकमध्ये मावणाऱ्याही नाहीत. त्या चार-पाच ठिकाणी पडून आहेत आणि त्यातल्या बहुतेक रकमांबद्दल तुम्हाला आपणहून कोणी फोन करणार नाही.

आधी त्या ४३६ रुपयांचं बघू, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तीच. तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसल्यामुळे हा आकडा दिसला की हात थांबतो. ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. १ जून ते ३१ मे असं त्याचं वर्ष, म्हणून पैसे मेच्या अखेरीस कापले जातात. मृत्यू कशानेही होवो, वारसदाराला २ लाख रुपये मिळतात. तुमचे मिस्टर ज्या कपातीवर चिडायचे ती हीच. खातं उघडताना किंवा कसल्यातरी फॉर्मवर टिकमार्क करताना योजना सुरू झालेली असते आणि घरात कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

उद्या सकाळी त्यांचं पासबुक भरून घ्या आणि मे-जूनचं पान काढा. ४३६ ची नोंद या वर्षीचीही आहे का, एवढंच बघायचं. असेल तर त्याच शाखेत जाऊन जीवन ज्योतीचा क्लेम फॉर्म मागा. त्याला मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं आधार आणि नॉमिनीच्या खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकची झेरॉक्स लागते. पुढचं बँक विमा कंपनीकडे पाठवते, तुम्ही विमा कंपनीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मृत्यूनंतर महिन्याभरात कळवावं अशी अपेक्षा असते. तुमचे पाच आठवडे झालेत, एवढ्याने हक्क जात नाही, पण आणखी थांबू नका. त्याच पानावर २० रुपयांची नोंद दिसली तर तो अपघात विमा, हृदयविकाराला तो लागू नाही. आणि दोन बँकांतून ४३६ कापले गेले असतील तरी २ लाख एकदाच मिळतात.

बँकेत गेलातच तर आणखी दोन गोष्टी. त्यांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. घरात नड असते, पिन मुलीला माहीत असतो, सगळं समजतं मला. पण खातेदार गेल्यानंतरचे असे व्यवहार पुढे वारसांमध्ये भांडणाचं मूळ होतात आणि बँकही बोट ठेवते. खातं दोघांच्या नावावर आणि ‘दोघांपैकी कोणीही’ अशा प्रकारचं असेल तर प्रश्नच नाही, तुम्ही ते चालवू शकता. एकट्याचं असेल तर नॉमिनीने दाखला आणि ओळखपत्र देऊन अर्ज करायचा. कागद पूर्ण दिल्यावर पंधरा दिवसांत रक्कम देणं बँकेवर बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट, त्यांचं सिमकार्ड बंद होऊ देऊ नका. दर महिन्याला छोटं रिचार्ज मारत राहा. पीएफ, बँक, विमा, सगळ्यांचे मेसेज त्याच नंबरवर येतात. कुठे कसला हप्ता कापला जात होता हेही तिथेच कळतं. फोन मुलीच्या हातात देण्याआधी त्यातले मेसेज एकदा नीट वाचा आणि वहीत उतरवा.

आता पीएफ. इथे तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

पीएफच्या योजनेत स्पष्ट लिहिलंय की लग्न झाल्यावर सभासदाने नवं नॉमिनेशन करायचं आणि लग्नाआधीचं आपोआप रद्द धरलं जातं. त्यामुळे पहिल्या नोकरीतल्या त्या फॉर्मच्या जोरावर ‘सगळे पैसे आईचे’ म्हणता येत नाही. लग्नानंतर त्यांनी नवा फॉर्म भरला होता का, किंवा पीएफच्या वेबसाइटवर ऑनलाइन नॉमिनेशन केलं होतं का, हे कंपनीकडून आणि पीएफ कार्यालयाकडून लेखी घ्या. केलं असेल तर तेच चालेल. काहीच केलं नसेल तर रक्कम कुटुंबात सारखी वाटली जाते. पीएफच्या नियमांत कुटुंब म्हणजे पत्नी, मुलं आणि सभासदावर अवलंबून असलेले आईवडील. भाऊ त्यात येत नाही.

म्हणजे तुमच्या घरात चार वाटे: तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. सासूबाई तुमच्या मिस्टरांवर अवलंबून होत्या हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा त्यांचा वाटा नाकारू नका. मुलं अल्पवयीन आहेत, त्यांच्या वाट्याला पालक म्हणून सही तुमची.

पीएफसोबत आणखी एक रक्कम येते, तिचं नाव ईडीएलआय. पीएफ असणाऱ्या प्रत्येक कामगाराचा हा विमा, १९७६ पासून आहे, आणि त्याचा पैसा फक्त मालक भरतो. पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही, म्हणून निम्म्या घरांना तो माहीतच नसतो. हिशेब असा: शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची ३५ पट, पण पगार १५ हजारांपर्यंतच धरतात. तुमच्या मिस्टरांचा मूळ पगार १८ हजार, म्हणून १५ हजार गुणिले ३५, झाले ५ लाख २५ हजार. त्यात बारा महिन्यांतल्या सरासरी पीएफ शिलकीच्या निम्मे, जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार. तुमची शिल्लक ४ लाखांच्या आसपास, तेव्हा हा भाग पूर्ण मिळायला हवा. एकूण ७ लाख, आणि ही या योजनेची कमाल मर्यादाच आहे. ईडीएलआय ज्यांना पीएफ मिळतो त्यांनाच मिळतं, त्याच वाट्याने. पीएफ आणि ईडीएलआय मिळून ११ लाख १० हजार धरले तर प्रत्येकी २ लाख ७७ हजार ५००. तीन वाटे तुमच्या हाताखाली आणि एक सासूबाईंचा. व्याजाने आकडा थोडा पुढेमागे होईल.

पेन्शन मात्र वेगळी आहे, ती वाटायची नाही. ईपीएस १९९५ म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, तिच्याप्रमाणे नोकरीत असताना सभासद गेला तर विधवा पेन्शन पत्नीला मिळते, आणि त्यासाठी दहा वर्षं नोकरी झालेली असण्याची अट नाही. एका महिन्याचं योगदान भरलेलं असलं तरी चालतं. किमान १,००० रुपये महिना, नोकरी आणि पगाराप्रमाणे त्याहून जास्त. शिवाय प्रत्येक मुलाला तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. तुमची पेन्शन समजा ३ हजार ठरली तर मुलांचे ७५०-७५० वेगळे. रक्कम छोटी वाटेल, पण मुलगी पंचवीसची होईपर्यंत अकरा वर्षं आहेत आणि मुलाची सोळा. पीएफ, ईडीएलआय आणि पेन्शन या तिन्हींसाठी मृत्यूच्या दाव्याचा एकच एकत्रित फॉर्म आहे. कंपनी तुम्हाला फक्त पीएफ काढण्याचा फॉर्म देत असेल तर हाच मागा. कंपनी सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरचं साक्षांकन घेऊन थेट पीएफ कार्यालयात जाता येतं. तिथून कोणी ‘मॅडम, मी काढून देतो, दहा टक्के द्या’ म्हणत मागे लागलं तर वळूनही बघू नका.

ग्रॅच्युइटीबद्दल लोक हमखास चुकतात. पाच वर्षं झालेली असल्याशिवाय मिळत नाही हे खरं, पण कामगार नोकरीत असताना गेला तर ही अट लागत नाही. तुमच्या मिस्टरांची साडेनऊ वर्षं झालीच होती, त्यामुळे वाद नाही. इथे बघायचं ते वेगळंच. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त झाले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिन्यांची दहा वर्षं. १८ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले १०. झाले १ लाख ३ हजार ८४६. चेकवर नऊ वर्षांचा आकडा असेल तर १० हजार ३८४ रुपये कमी दिलेत, तिथल्या तिथे विचारा. याशिवाय गेलेल्या महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनस आणि कंपनीने कामगारांचा गट विमा काढला असेल तर तो. शेवटच्याबद्दल एचआर स्वतः बोलेलच असं नाही, मुद्दाम विचारायचं.

आणि तो कागद. अशा कागदावर बहुधा शेवटी एक ओळ असते, ‘यापुढे कंपनीकडून काहीही येणे बाकी नाही’. कायद्याने मिळणारी रक्कम एका ओळीने बुडत नाही, पण पुढे वर्षभर भांडत बसण्यापेक्षा आधी तपशील मागितलेला बरा.

पतसंस्थेच्या जामीनदारांचा फोन टाळू नका. ते मिस्टरांचे सहकारी आहेत, त्यांच्या पगारातून कपात होईल या भीतीने त्यांचीही झोप उडाली असणार. त्यांना एवढंच सांगा की संस्थेचा हिशेब घेते आणि मग बोलते. मग संस्थेत जाऊन तीन आकडे लेखी मागा: कर्जाची बाकी, मिस्टरांचे शेअर्स, आणि त्यांची मासिक ठेव. अनेक पगारदार पतसंस्थांमध्ये मयत सभासदासाठी कल्याण निधी किंवा कर्जनिवारण निधी असतो, त्यातून बाकी पूर्ण किंवा काही अंशी भागते. पोटनियमात आहे का, हे सेक्रेटरीला विचारा. त्याआधी पीएफचे पैसे आले की कर्जात घालते, असं कबूल करून बसू नका. पीएफवर सावकारांना टाच आणता येत नाही. वारसाने कर्ज फेडायचं ते मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, स्वतःच्या शिलाई मशीनच्या कमाईतून नाही. ‘त्यांनी माझ्याकडून हातउसने घेतले होते’ म्हणत येणारे आणखी दोघेतिघे निघतील. चहा द्या, चिठ्ठी मागा.

एलआयसीच्या चालू पॉलिसीचं काम सोपं आहे, तिच्या शाखेत नॉमिनीने मूळ बॉण्ड, दाखला आणि बँक तपशील द्यायचा. बंद पडलेली पॉलिसी मात्र रद्दीत टाकू नका. ठरावीक वर्षं हप्ते भरून मग थांबलेली पॉलिसी बहुधा ‘पेड-अप’ होते, म्हणजे कमी झालेली विमा रक्कम मृत्यूनंतर मिळते. शाखेत नंबर देऊन तिची आजची स्थिती छापून घ्या.

कागदांचं एक सांगते, कारण यातच महिने जातात. महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या सहा-सात प्रती काढून ठेवा. घेताना खिडकीतच उभं राहून नाव वाचा. दाखल्यावरचं, आधारवरचं आणि पीएफमधलं मिस्टरांचं पूर्ण नाव अक्षरशः जुळतंय का? वडिलांच्या नावातला एक रफार गेला तरी फाइल परत येते. तुमचंही बघा. आपल्याकडे बायकांची दोन नावं असतात, बँकेत सासरचं आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आधार कुठल्या नावाने आहे ते तपासा आणि लग्नाचं प्रमाणपत्र जवळ असू द्या. लग्नाची नोंद केलेलीच नसेल तर आत्ता आधी तो विषय हातात घ्या. माझ्या काउंटरवर एक बाई सलग चार महिने येत होत्या, फक्त या दोन नावांपायी.

सरकारी योजनांपैकी तुमच्या कामाची बालसंगोपन योजना. एक पालक गेलेल्या मुलांना महिना २,२५० रुपये, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. दोन्ही मुलांसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, पेन्शन सुरू झाल्यावर तुम्ही त्यात बसणार नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर तहसील कार्यालयातून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार मिळतात. हे तुमच्यापेक्षा हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी लिहितेय. ईएसआयसीचंही (कामगार राज्य विमा) तसंच, पगार २१ हजारांच्या आत असलेल्यांना ते असतं आणि त्यात अंत्यसंस्कारासाठी १५ हजार मिळतात.

आता सासूबाई. पीएफ सोडून बाकी बचत, बँकेतल्या ठेवी वगैरे, तिथे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस तुम्ही, दोन मुलं आणि आई, चौघांना सारखा वाटा. ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे तो पैसे हातात घेणारा, मालक होतोच असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. म्हणजे कुठे आईचं नाव निघालं तरी तुम्ही हवालदिल होऊ नका, आणि कुठे तुमचं निघालं तरी त्यांचा वाटा विसरू नका. माझं ऐकाल तर दिरांच्या तोंडून हा विषय ऐकायचं बंद करा. दुपारी शिलाई बाजूला ठेवा, सासूबाईंच्या शेजारी बसा आणि वहीतले आकडे त्यांना वाचून दाखवा. त्यांचाही मुलगा गेलाय. त्यांचा वाटा त्यांच्याच नावावर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक ठेवीत ठेवून दरमहा किंवा तिमाहीला व्याज त्यांच्या हातात पडेल असं बघा. दिरांच्या धंद्यात तो जाऊ नये, ही माझी भीती मी इथे उघड लिहिते. तुम्ही मात्र घरात ती अशी बोलून दाखवू नका.

तुमचे स्वतःचे पैसे आले की सहा महिने बचत खात्यात किंवा साध्या मुदत ठेवीत पडू द्या. पैसे आल्याची बातमी एजंटांना तुमच्या नातेवाइकांआधी लागते. मुलांचे वाटे त्यांच्या नावाने वेगळे ठेवा.

आणि कंपनीला द्यायचं पत्र. दोन प्रती काढा, तारीख घाला:

‘माझे पती आपल्या कंपनीत नोकरीत असताना मयत झाले. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी: ग्रॅच्युइटीचा वर्षनिहाय हिशेब, थकीत पगार, रजेचे पैसे व बोनस, गट विमा असल्यास त्याचा तपशील, त्यांचा यूएएन (पीएफचा कायमस्वरूपी) क्रमांक व नॉमिनेशनची प्रत, तसेच पीएफ, पेन्शन व ईडीएलआय यांसाठीचा मृत्यू दाव्याचा एकत्रित फॉर्म. तपशील मिळाल्यावर मी अंतिम हिशेबावर सही करीन.’

एक प्रत त्यांना द्या. दुसऱ्या प्रतीवर कंपनीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊनच गेटच्या बाहेर पडा. एकट्या जाऊ नका, मुलीला बरोबर न्या. चौदा वर्षांची आहे, वाचता येतं तिला.